चौदा नंबरचं झाकण

घंटागाडीला नाक बसवलं तेव्हा शहरात कुणी हूं की चूं केलं नाही. त्याच्या वर्षभर आधी नगरपालिकेनं गाडीला डोळे बसवायचं काढलं होतं, म्हणजे कॅमेरे, तर केवढा गहजब झाला! आमच्या दारात डोकावणारे तुम्ही कोण, घरात बायकापोरी असतात, अमकं नि तमकं. सह्यांची मोहीम निघाली, दोन नगरसेवकांनी उपोषणाची धमकी दिली आणि तो ठराव बारगळला. नाकाचं मात्र कुणालाच काही वाटलं नाही. वास घेऊन घेऊन कितीसा घेईल, असं लोकांनी धरलं असावं.

वैजंता आवळेला तर ते नाक सुरुवातीला आवडलंच होतं. सत्तावीस वर्षं ती घरोघरचा कचरा उचलत होती, आणि त्यातली पंचवीस तरी ‘ओला वेगळा, सुका वेगळा’ हे चार शब्द ओरडण्यात गेली होती. लोक ऐकायचे, मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी आमटीत भिजलेला पुठ्ठा तिच्या हातात द्यायचे. कुणीतरी फुटकी बाटली कागदात न गुंडाळता टाकली म्हणून तिच्या अंगठ्याला तीन टाके पडले होते. आता बादली नाकाशी धरली की चार सेकंदांत ते बाईच्या आवाजात ‘घ्या’ नाहीतर ‘परत’ असं बोलायचं, आणि ‘परत’ म्हटलं की बादली आली तशी दारात माघारी. भांडायचं कारणच उरलं नाही. पहिल्या आठवड्यात एका वकीलबाईंना कोथिंबिरीच्या काड्यांतून स्वतःच्या हातांनी बॅटरीचे सेल वेचताना बघून वैजंताला जो आनंद झाला, तो तिनं लपवलाही नाही.

यंत्राची कल्पना तशी साधी होती. आपल्या नाकात वास पकडणारे चारेकशे प्रकारचे ग्राहक असतात. एकेक ग्राहक ठरावीक घाटाच्या रेणूंना धरतो, आणि कुणाकुणाच्या हाती काय लागलं यावरून मेंदू ठरवतो की हा फणस आणि हा हिंग. तसलेच ग्राहक प्रयोगशाळेत वाढवून केसाहून बारीक तारांवर बसवले, चारशेच्या जागी चार हजार, आणि मेंदूच्या जागी लाखो घरांच्या कचऱ्याचे वास पाठ केलेला संगणक ठेवला. झालं नाक. गाडी तर आधीपासूनच आपली आपण चालत होती. मागच्या बाजूला काळ्या पेटीत नाक, वर घंटा आणि शेजारून चालणारी वैजंता, एवढाच लवाजमा.

पण ज्याला वास कळतो त्याला केळ्याची साल आणि प्लास्टिक एवढंच कळून थांबत नाही. माणूस आजारी पडला की शरीरातल्या पेशींचा कारभार बदलतो, आणि त्या कारभारातून निसटलेले रेणू लाळेत, घामात, श्वासात उतरतात. साखर फार वाढलेल्या माणसाच्या तोंडाला पिकल्या फळासारखा वास येतो, हे जुन्या डॉक्टरांना ठाऊक होतंच. ओल्या कचऱ्यात उष्टं असतं, नखं असतात, केस असतात. म्हणजे घरातल्या माणसांची लाळ नि घाम रोज सकाळी आपण होऊन नाकाशी येत होते. हे कुणाच्या तरी ध्यानात आलं, आणि दसऱ्यापासून नाकाला दुसरं काम मिळालं.

पहिले पंधरा दिवस त्यानं प्रत्येक घराची गंधओळख पाठ केली. मग ते बोलू लागलं. पिवळी सूचना म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे डॉक्टरकडे जा. या दोन्ही फक्त घरानं नोंदवलेल्या एका फोनवर यायच्या. तीन नारिंगी झाल्या, किंवा एखादा मोठा आजार नाकानं थेटच ओळखला, की लाल. लाल आली की त्या घराच्या नावानं मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी निघायची. घरात ज्याला दुखणं असेल त्यानं जायचं, तपासणी त्याच दिवशी, रांग नाही की वशिला नाही. सहा नंबरच्या काकांचं आतड्याचं दुखणं असंच अगदी सुरुवातीला सापडलं, आणि ते आता रोज सकाळी काठी फिरवत फिरायला जातात. हे सगळं खरं. पण लाल आली की सगळ्या वॉर्डाला फोनवर दिसणाऱ्या नकाशात त्या घरावर एक टिंबही उमटायचं. नाव नसतं हो, असं अधिकारी समजावून सांगायचे. नाव कशाला हवं? गल्लीत घर कळलं की पुढचं सांगायला नकाशा लागत नाही.

आणि चैत्रबन कॉलनीतल्या चौदा नंबरच्या घरात वैजंताची मुलगी दिली होती.

प्रांजल तिची एकुलती एक. बालवाडीत शिकवायची. नवरा तुषार, भला माणूस, त्यानं स्वतः होऊन मागणी घातली होती. फक्त लग्नाआधी त्याच्या आईनं, वंदनाबाईंनी, वैजंताला बाजूला घेऊन म्हटलं होतं, "विहीणबाई, मी तसलं काही मानत नाही हं. पण कॉलनीत मुद्दाम सांगत सुटायचं कारण नाही, नाही का?" वैजंतानं मान डोलावली. तेव्हा ती दुसऱ्या वॉर्डात होती. दीड वर्षानं तिची बदली नेमकी या वॉर्डात झाली. मुकादमाला सांगून तिला ती टाळता आली असती. टाळली नाही. रोज सकाळी सात वीसला लेकीचं तोंड दिसत होतं, मग ते फाटकाआडून का असेना. "ताई, कचरा," अशी ती हाक मारायची, आणि प्रांजल "आले" म्हणत बादली आणून ठेवायची. सुरुवातीला दोघींना हसू आवरायचं नाही. पुढं पुढं ते यायचंच बंद झालं.

भाद्रपदात प्रांजलच्या गळ्यात गाठ आली. सुई घालून तपासली तर टीबी निघाला. गाठीचा टीबी, तो खोकल्यातून पसरत नाही, दुसऱ्याला लागत नाही, सहा महिने नेमानं गोळ्या घेतल्या की बरा होतो. डॉक्टरांनी हे सगळं कागदावर लिहूनही दिलं. पण बालवाडीतल्या चाळीस पोरांच्या आयांपुढं तो कागद कोण धरणार? वंदनाबाईंपुढं कोण धरणार? माहीत होतं ते तुषारला आणि वैजंताला. गोळ्या तुषारच्या बॅगेत राहायच्या. सगळं निभावलं असतं, पण मध्येच दसरा आला आणि नाकाला माणसांचे आजार, आणि लाळेत उतरलेली औषधंही, कळायला लागली.

"माझ्यावर सोपव," वैजंता लेकीला म्हणाली होती.

घराचा नंबर सांगणारी चिप बादलीत नव्हती, झाकणात होती. बादल्या लोक अंघोळीला घेतात, फोडतात, गावाला धाडतात, म्हणून कुणा हुशार माणसानं ती झाकणात बसवली होती. गाडीच्या कडेला, सांडलेलं भरायला, वैजंताची स्वतःची एक हिरवी बादली टांगलेली असायची. दसऱ्यापासून ती घरून तिच्यात आपला ओला कचरा घेऊन यायला लागली. चौदासमोर गाडी थांबली की गाडीआड जायचं, प्रांजलच्या बादलीचं झाकण काढून आपल्या बादलीवर दाबायचं, झाकणाची जाळी नाकाला टेकवायची, ‘घर चौदा, घ्या’ ऐकायचं, दोन्ही बादल्या गाडीत पालथ्या करायच्या आणि झाकण जिथल्या तिथं. अर्ध्या मिनिटाचं काम. दुसऱ्या कुणाचा कचरा घ्यावा असं तिच्या मनातही आलं नाही. लोकांच्या घरात काय काय दडलेलं असतं ते सत्तावीस वर्षं ती बघत होती, आणि तिला स्वतःला कधी साधा ताप आला नव्हता. कचरा मिसळणाऱ्यांना जन्मभर फैलावर घेणारी ही बाई आता रोज एका घराचा कचरा दुसऱ्याच्या नावावर घालत होती, आणि तिला त्याची लाजही वाटत नव्हती.

असे साडेतीन महिने गेले.

संक्रांत होऊन गेली होती. मंगळवारी वैजंता बालवाडीचा कचरा उचलायला मागच्या नळाशी गेली. मायलेकींना दोन शब्द बोलायला तेवढी एकच जागा होती. प्रांजल आधीच येऊन उभी होती, आणि तिच्या हातात रंगाचे ब्रश असले तरी ती ते धूत नव्हती.

"आई, माझ्या झाकणाखाली तू कुणाचा कचरा धरतेस?"

"का गं?"

"पंधरा दिवसांपूर्वी पिवळी आली होती. मला वाटलं गोळ्यांमुळं असेल. काल नारिंगी आली." चौदाचा नोंदवलेला फोन तिचाच होता; तो तिनं पुढं केला. वैजंताला वाचता यायचं, पण अक्षर बारीक होतं. "तोंड आणि घसा, असं लिहिलंय. काल तुषारनं मला डॉक्टरकडं नेलं. बॅटरी लावून त्यांनी सगळं तोंड बघितलं, आरसा घालून घसा बघितला. काही नाही. मग हे कुणाचं आहे?"

वैजंताची जीभ आपोआप डाव्या गालात गेली. तिथं दिवाळीपासून एक पांढुरका चट्टा होता. तिखट लागलं की चरचरायचा. तोंड आलंय, होईल बरं, म्हणून ती भाकरी दुधात कुस्करून खात होती.

"अकरा नंबरच्या टीचरचा," ती म्हणाली.

खोटं बोलायला तिला नाव शोधावं लागलं नाही. पेंढारकर टीचर म्हणजे अख्ख्या गल्लीत तिचं आवडतं घर. भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहायच्या. दुधाच्या पिशव्या धुऊन, चिमटे लावून दोरीवर वाळत घालायच्या आणि शनिवारी दहा-दहाची गड्डी बांधून द्यायच्या.

"मग त्यांना सांगायला हवं, आई. आजच."

"सांगती मी. तू गप ऱ्हा. किती दिस ऱ्हायलं तुझ्या गोळ्यांचं?"

"एक्केचाळीस."

"मग झालं की."

आतून पोरांचा गलका झाला आणि प्रांजल पळाली. वैजंता नळाशी तशीच उभी राहिली. गाडीनं दोनदा घंटा वाजवली तेव्हा ती भानावर आली.

दिवेलागणीला तिनं खोलीचं दार लोटलं, फोनची बॅटरी लावली आणि भिंतीवरच्या आरशात गाल ताणून बघितला. चट्टा दिवाळीत मटाराएवढा होता, तो आता रुपयाएवढा झाला होता. कोनाड्यात मिसरीची डबी होती. तंबाखू तव्यावर भाजून केलेली काळी पूड. ती बोटावर घेऊन दाताला लावल्याशिवाय तिला कामाला जायची उमेदच यायची नाही. चुळीची थुंकी ती नारळाच्या करवंटीत टाकायची, आणि करवंटी सकाळी ओल्या कचऱ्याबरोबर गाडीवर. तिच्या तोंडात काय शिजत होतं ते रोज सकाळी ती स्वतःच्या हातांनी नाकाला दाखवत होती. नाकानं इमानानं ते प्रांजलला कळवलं होतं.

मग तिचं मन जे धावायला लागलं ते थांबेना. तिच्या वस्तीत नाक येत नव्हतं. तिथं घरांना नंबरच नव्हते, सगळ्यांचा मिळून एक मोठा लोखंडी डबा होता. म्हणजे तिला चिठ्ठी मिळणार नव्हती. सरकारी दवाखान्यात रांग धरायची तर दोन-तीन महिने कुठं गेले नाहीत. आणि समजा, मिळाला लवकर नंबर, ठेवून घेतलं तिला, तर वॉर्डात दुसरी बाई येणार, ती चौदाचं झाकण चौदाच्या बादलीवरच ठेवणार, आणि तुषारच्या बॅगेतल्या गोळ्या नकाशावर उमटणार. एक्केचाळीस दिवस. तेवढे रेटले की मग काय व्हायचं ते होवो. तेवढं ठरवून ती आडवी झाली, पुन्हा उठली, मिसरीची डबी दाराबाहेर ठेवली, आणि थोड्या वेळानं जाऊन परत आत आणली.

आपला कचरा आता चालणार नव्हता. अजून दोन नारिंगी आल्या की चौदावर लाल येणार होती, तीही भलत्याच आजाराची. म्हणून बुधवारी तिनं टीचरच्या बादलीतला निम्मा कचरा आपल्या बादलीत घेतला. बटाट्याची सालं, चहाचा चोथा, शेवंतीची सुकलेली फुलं. चौदाचं झाकण दाबलं आणि नाकाशी धरलं.

"घर चौदा. गंधओळख जुळत नाही," नाक म्हणालं.

मग वैजंताच्या ध्यानात आलं. दसऱ्यानंतरचे पंधरा दिवस नाक ज्या वासाला चौदा नंबरचं घर म्हणून पाठ करत बसलं होतं, तो वास तिचा होता, वैजंताचा. आता नाकाच्या लेखी चौदा म्हणजे तीच. आपला कचरा धरावा तर लाल येणार. दुसऱ्या कुणाचा धरावा तर ओळख पटणार नाही. आणि प्रांजलचा खरा कचरा धरावा तर तो तिच्याच घराला परका ठरणार, शिवाय गोळ्या सापडणार. कुठूनही बघितलं तरी वाट बंद होती, आणि ती तिनं स्वतःच बंद केली होती.

तासाभरात सातपुते मुकादमाचा फोन आला. "वैजंताबाई, चौदाची काय भानगड हाय? वरनं विचारणा आलीय. सोमवारी साहेबांना घिऊन येतो, समोर बादली लावून बघू. तवर चालू द्या हाय तसं."

गुरुवारी तिनं परत आपलाच कचरा धरला. नाकानं ओळखलं, ‘घ्या’ म्हटलं. आणि शुक्रवारी प्रांजलच्या फोनवर दुसरी नारिंगी गेली. त्या दिवशी वैजंता दोन घरं विसरून पुढं गेली. एका घराचा सुका कचरा तिनं ओल्याच्या कप्प्यात ओतला, आणि मग अर्धी गाडीत वाकून तो हातानं वेचत बसली. टीचरनी फाटकातून विचारलंही, "वैजंता, बरं नाही का गं?" ती म्हणाली, "मला काय हुतंय टीचर?" आणि त्यांच्याकडं न बघता बादली उचलली.

रविवारी दुपारी प्रांजल वस्तीत आली. लग्नानंतर ती इथं फार तर चार वेळा आली असेल. दारातच चपला काढून ती उभी राहिली, आणि बस म्हटलं तरी बसेना.

"मी टीचरकडं जाऊन आले."

वैजंतानं मिसरीची डबी कोनाड्यात मागं सारली.

"तू सांगशील, सांगशील म्हणून चार दिवस वाट बघितली. शेवटी मीच गेले. म्हटलं, टीचर, एकदा तोंड तपासून घ्या. का म्हणून, त्यांनी विचारलं. मला सांगता येईना. तर त्यांनी आपला फोन उघडून दाखवला मला. दसऱ्यापासून सगळं हिरवं, आई. एक पिवळी नाही." प्रांजलचा आवाज चढला. "मग मी घरी येऊन आठवड्याचा तपशील उघडला. आजवर कधी उघडला नव्हता, नुसता रंग बघायचे. कचऱ्यात काय काय सापडलं ते सगळं असतं त्यात. सुका बोंबील. भाजलेली तंबाखू. टीचर अंडंसुद्धा खात नाहीत गं!"

"हळू बोल. शेजारी ऐकतील."

"आ कर."

"काय?"

"तोंड उघड, आई."

प्रांजल तीन वर्षांची असताना माती खायची, तेव्हा वैजंता तिची हनुवटी धरून असंच आ कर म्हणायची. आता लेकीनं तिची हनुवटी धरली आणि तिला उजेडाकडं वळवलं. बघितलं. हात खाली घेतला. मग ती तिथंच कोनाड्याला डोकं टेकवून रडायला लागली, आणि रडता रडता मिसरीची डबी तिनं उचलून बाहेर भिरकावली.

"शाळेत असल्यापासून सांगत होते, सोड म्हणून!"

"सोडती. छत्तीस दिस ऱ्हायलं तुझं. तेवढं झालं की सोडती, दवाखान्यात जाती, तू म्हणशील ते करती."

"छत्तीस दिवसांत काय होतं माहितेय तुला?"

"आन् तुला त्या घरातनं काढली तर काय हुतं, ते माहीत हाय का तुला?" वैजंता पहिल्यांदाच ओरडली. "बालवाडी जाईल. सासू दारात उभी करायची न्हाई. माझं काय, माझं व्हायचं ते झालं समद्या जन्माचं!"

प्रांजलनं डोळे पुसले. "उद्या साहेब येणारेत. काय करणार आहेस तू?"

"बघती कायतरी."

चहा ठेवते म्हटलं तर प्रांजल थांबली नाही.

सोमवारी सात वीसला गाडी चौदासमोर उभी राहिली. सातपुते मुकादम होते, आणि टॅबलेट घेतलेला एक तरुण साहेब. दोन-चार फाटकांत माणसं उगाच झाडांना पाणी घालत उभी होती. सहा नंबरचे काका फिरून परतत होते, तेही थबकले. वैजंतानं रात्रीच ठरवलं होतं: चूक माझ्याकडनं झाली म्हणायचं, झाकणं माझ्या हातनं बदलली, घरच्यांना काही ठाऊक नाही. कामावरून काढतील तर काढू देत. सवयीनं ती आपला कचराही घेऊन आली होती आणि तिची हिरवी बादली गाडीच्या कडेला लटकत होती.

"ताई, कचरा," तिनं हाक मारली.

प्रांजल रोज बादली फाटकाच्या आत ठेवायची. आज ती फाटक उघडून बादली घेऊन रस्त्यावर आली.

"ठेवा ताई, मी घेते," वैजंता घाईनं म्हणाली.

प्रांजल तिच्या शेजारून गेली आणि तिनं आपल्या हातांनी आपली बादली, आपल्या झाकणासकट, नाकाला लावली. गोळ्यांचा रेणू ओळखायला नाकाला गंधओळखीची गरज नव्हती. चार सेकंद गेले.

"घर चौदा. ओळख जुळत नाही. लाल."

गल्लीतले फोन एकामागोमाग एक वाजले. झाडांना घातलेलं पाणी कुंड्यांतून वाहून जायला लागलं. वंदनाबाई ओट्यावर आल्या होत्या, त्यांच्या हातातल्या फोनवरही तेच टिंब होतं.

"टीबी आहे मला," प्रांजल म्हणाली. ती बालवाडीत चाळीस पोरांना ऐकू जाईल असं बोलायची, तसंच बोलली. "गळ्यातल्या गाठीचा. तो कुणाला लागत नाही. डॉक्टरांचा कागद आता फाटकाला लावते, बालवाडीच्या दाराला पण लावणार आहे. वाचा सगळ्यांनी." आणि मग तिनं हाक मारली, "आई."

वंदनाबाई ओट्यावरून "काय?" म्हणाल्या. गल्लीतल्या सगळ्यांनीही त्यांच्याकडंच बघितलं. पण प्रांजल त्यांच्याकडं बघत नव्हती.

"आई, तुझी बादली दे."

प्रांजलनंच गाडीच्या कडेची हिरवी बादली काढली आणि तशीच उघडी नाकाशी धरली.

"झाकण नाही," नाक म्हणालं. "घर क्रमांक सांगा."

"वस्तीला नंबर न्हाई," वैजंता पुटपुटली. गल्लीसमोर असं उघडं पडल्यागत तिला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

"घर क्रमांक सांगा."

"चौदा," प्रांजल म्हणाली.

साहेबानं टॅबलेटवरून मान वर केली. "असं कसं? या इथं राहतात का? घर कुणाच्या नावावर आहे?" त्यानं ओट्याकडं बघितलं. "बाई, घर तुमच्या नावावर दिसतंय. यांना तुमच्या घरात नोंदवायचं का?"

वंदनाबाई पायऱ्या उतरून खाली आल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता, आणि तो रागानं की कशानं ते कुणालाच सांगता आलं नसतं. फाटकाशी येऊन त्यांनी आधी सुनेकडं बघितलं.

"पाच महिने माझ्या घरात, माझ्या हातचं जेवून, मला पत्ता नाही. तुझं आणि तुषारचं मी नंतर बघते." मग त्या वैजंताकडं वळल्या. तिचा डावा गाल आता बाहेरूनही सुजलेला दिसत होता. वंदनाबाई क्षणभर घुटमळल्या आणि सगळ्या गल्लीदेखत, चांगल्या मोठ्यानं म्हणाल्या, "विहीणबाई, इतकं सुजलंय, आणि तोंडानं सांगायचं नाही?" साहेबाला त्यांनी दम भरला. "नोंदवा की हो. विचारता काय?"

साहेबानं नोंदवलं. नाकानं पुन्हा श्वास ओढला. हा वास त्याच्या ओळखीचा होता; दसऱ्यापासून ते ज्याला चौदा म्हणत होतं तोच.

"घर चौदा. ओळख जुळली. लाल."

प्रांजलच्या फोनवर चिठ्ठी आली. आजची तारीख, अकराची वेळ. तुषार गाडीची किल्ली घेऊन बाहेर आला. पेंढारकर टीचर आपल्या फाटकातून येऊन वैजंताच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. त्यांच्या खांद्यावर दुधाची एक ओली पिशवी तशीच राहिली होती. मुकादम म्हणाले, "जावा बाई, पुढची गल्ली मी बघतो."

पण सत्तावीस वर्षांची सवय. वैजंतानं आधी दोन्ही बादल्या गाडीत नीट पालथ्या केल्या, तळाला चिकटलेलं झटकलं, आणि बाजूला काढून ठेवलेलं चौदा नंबरचं झाकण उचललं. ते हातात धरून ती दोन बादल्यांसमोर उभी राहिली. कुठल्या बादलीवर बसवायचं ते तिला ठरवता येईना. झाकण एकच होतं, आणि आता दोन्ही बादल्या चौदाच्याच होत्या.